महादेवाचा वाटा

आमच्या सोमवारच्या भजनातल्या बायका कितीतरी वर्षं माझ्या मागे लागल्या आहेत. एवढा जन्म दवाखान्यात काढलात, देवाचा अनुभव आलाच असणार, तो लिहून काढा म्हणतात. मी हसून वेळ मारून नेते. अनुभव आला आहे, नाही असं नाही. पण दुसऱ्यांच्या अनुभवात भक्त हाक मारतो आणि देव धावून येतो. माझ्या अनुभवात देव दारात येऊन उभा राहिला आणि मी आतूनच, घरी कोणी नाही असं सांगितलं. हे कोणत्या तोंडाने लिहायचं? आता सत्तरी उलटली आहे, गुडघे बोलायला लागले आहेत. लाज मात्र अजून तेवढीच धडधाकट आहे, म्हणून लिहिते.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. एटापल्लीच्याही पलीकडे, जंगलात शिरलेल्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण चूक गावाची नव्हती. माझं सासर ब्रह्मपुरीचं. नवरा तिथे शाळेत मास्तर, सहा वर्षांची मुलगी सासूबाईंजवळ, आणि मी इथे एका खोलीच्या क्वार्टरमध्ये. दोन महिन्यांनी घरी गेले की मुलगी आधी आजीच्या मागे लपायची, मग संध्याकाळपर्यंत माझी व्हायची, आणि सकाळी माझी एसटी असायची. बदलीचे अर्ज करून करून मी थकले. वरचे साहेब अर्ज वाचतच नाहीत म्हटल्यावर मी त्यांच्याही वरच्या साहेबाकडे गेले आणि सोळा सोमवार धरले.

ज्यांनी हे व्रत केलं आहे त्यांना सांगायला नको. सोळा सोमवार ओळीने दिवसभर उपास, संध्याकाळी महादेवाची पूजा, कणकेच्या चुरम्याचा नैवेद्य. त्या चुरम्याचे तीन वाटे करायचे: एक देवाचा, एक वाटून टाकायचा, एक आपला. मधला एखादा सोमवार मोडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मी पहाटे उठून चुरमा करायची, पळसाच्या पानांत तीन वाटे बांधून डब्यात ठेवायची, आणि तो डबा ड्यूटीरूमच्या कपाटात. ड्यूटी सुटली की थेट देऊळ. वाटायचा वाटा मंगळवारी दवाखान्यातच संपायचा, त्यामुळे माझ्या व्रताची चव सगळ्यांना ठाऊक होती. व्रताचा मला गर्वही झाला होता, हे आत्ताच सांगून टाकते.

तो पंधरावा सोमवार होता. मे महिना, तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा हंगाम. दुपारी बाराच्या सुमारास बांबूचा एक ट्रक दवाखान्याच्या आवारात शिरला आणि त्यातून पोलिसांनी माणसं उतरवली. जंगलात गोळीबार झाला होता. नक्षलवाद्यांना आमच्याकडे कोणी तसं म्हणत नसे, 'दादालोक' म्हणत. त्यांची आणि पोलिसांची गाठ पडली होती. एका हवालदाराच्या दंडातून गोळी आरपार गेली होती, एका शिपायाच्या पोटरीत छर्रे होते. तिसरा एक माडिया आदिवासी माणूस होता, तिशीतला. कमरेला पंचा, मांडीला कोणाचातरी सदरा करकचून बांधलेला. ट्रकच्या फळीवर त्याच्याखाली रक्त साकळलं होतं.

"हा त्यांच्यातलाच असंल," एक पोलीस म्हणाला. "तेंदू तोडून राह्यलो होतो म्हणते. साहेबानं आणायले लावलं म्हणून आणला. पहिले आमच्या हवालदाराचं पाहा, बाई."

आणि मी पाहिलं. हवालदार मोठमोठ्याने कण्हत होता. ब्रह्मपुरीकडचाच निघाला, माझ्या सासरची बोली बोलत होता. मी त्याचा दंड धुतला, पट्टी केली, कपाळावर ओला रुमाल ठेवला, वर चार धीराचे शब्दही बोलले. माडिया माणूस बाहेर व्हरांड्यात स्ट्रेचरवर होता आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हता. कण्हणाऱ्याकडे आधी जायचं आणि गप्प पडलेल्याला मागे ठेवायचं, ही चूक कॅज्युअल्टीत पहिल्या महिन्यातली पोर करते. मी अकरा वर्षांची जुनी होते. मला कळत नव्हतं असं नाही. तो पोलीस जे म्हणाला ते मी ऐकलं होतं, आणि ते ऐकून माझे पाय जड झाले होते.

वीसेक मिनिटांनी डॉक्टर शिपायाच्या पोटरीवरून मोकळे झाले तेव्हा आम्ही दोघं व्हरांड्यात आलो. डॉक्टर तरुण होते, साताऱ्याकडचे, नुकतेच लागलेले. स्ट्रेचरजवळ खाली एक म्हातारी उकिडवी बसली होती. पन्नाशी-पंचावन्नची असेल, वाळलेली, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं. आपल्या लुगड्याचा पदर घडी करून तिने त्या माणसाच्या मांडीवर ठेवला होता आणि दोन्ही तळव्यांनी, सगळा भार टाकून, दाबून धरला होता. तिची सून मलेरियाने आमच्या वॉर्डात होती. रजिस्टरमध्ये सुनेचं नाव होतं आणि सोबत कोण या रकान्यात मीच 'सासू' एवढंच लिहिलं होतं. तळ्याकाठच्या गावची, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरची बाई.

"केव्हापासून धरलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आणला तवापासून. कोनी येऊन नाई राह्यलं, म्हटलं आपनच धरा. जाळ्याच्या दोरीनं हात कापते तवा असंच दाबून धरतो ना आमी."

कोणी येऊन नाही राहिलं, हे ती सहज बोलली होती. मी मान खाली घालून रबरी नळी आणली. डॉक्टरांनी ती मांडीच्या वर आवळून बांधली, रक्त थांबलं. पण नाडी हाताला लागेनाशी झाली होती. आतली मोठी शीर फाटली होती. ती उघडून शिवायची तर आधी रक्त हाताशी हवं, आणि नळी बांधून फार वेळ ठेवली तर खालचा पाय मरतो. रक्तपेढी म्हणजे चंद्रपूर, तिथपर्यंतच्या रस्त्यात तो संपला असता. त्या काळी आमच्याकडे रक्त म्हणजे कोणीतरी शेजारच्या खाटेवर झोपायचं, हात पुढे करायचा आणि काचेची बाटली भरायची.

तपासणीत त्याचा गट 'ओ' निघाला. डॉक्टर भिंतीवरच्या पुठ्ठ्यासमोर जाऊन उभे राहिले. त्या पुठ्ठ्यावर स्टाफमध्ये कोणाचा रक्तगट कोणता, याची यादी होती. ती माझ्याच हातची. 'ओ' दोघांचा होता. एक ड्रायव्हर गाडी घेऊन चंद्रपूरला गेलेला, एक नर्स लग्नासाठी रजेवर. बाकी सगळ्यांपुढे अक्षर होतं, फक्त माझ्या नावापुढची जागा कोरी होती. माझा गट मला माहीत होता. मुलीच्या बाळंतपणात तपासला होता, 'ओ'च आहे. यादी करताना, उगाच कशाला अडकून घ्या, असं म्हणून मी तो लिहिला नव्हता.

"सिस्टर, तुमचा?"

"तपासला नाही कधी," मी म्हटलं. आणि त्यांनी काही बोलायच्या आत पुढे म्हटलं, "शिवाय आज मला उपास आहे, डॉक्टर. पंधरावा सोमवार."

उपाशी माणसाचं रक्त काढत नाहीत. द्यायचं तर आधी खायला हवं, आणि खाल्लं की व्रत मोडलं. चौदा सोमवार पाण्यात, मुलगी आणखी चार महिने लांब. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात फिरलं. पण एवढंच फिरलं असं लिहिलं तर ते अर्धं खोटं होईल. कोणासाठी मोडायचं, हेही फिरलं. आत झोपलेल्या हवालदाराला रक्त लागलं असतं, तर मी कदाचित 'ओ' म्हणाले असते. देवाचं नाव मी पुढे केलं आणि त्याच्या आड उभी राहिले. डॉक्टर भिडस्त होते. "बरं बरं, तुम्ही राहू द्या," म्हणाले आणि पोलिसांकडे गेले. ट्रकबरोबर आलेले पोलीस तोवर जंगलाकडे परतले होते, पहाऱ्याला एकच राहिला होता, आणि त्याचा गट जुळला नाही. अटेंडंट दसरूभाऊ गावात विचारायला धावले. रक्त काढतात म्हटल्यावर माणसं दारं लावून घेत, त्याला एखादाच अपवाद. दसरूभाऊ घामाने निथळत एकटेच परत आले. तोवर पाऊण तास गेला होता.

मी त्या पाऊण तासात काय केलं? सलाइन बदललं. नाडी मोजली. मनातल्या मनात महादेवाला म्हटलं, देवा, कोणालातरी पाठव. आज ते आठवलं तरी कान गरम होतात. त्याने पाठवायचं ते माणूस कधीच पाठवून ठेवलं होतं, आणि ते तिथे उभं राहून त्यालाच सांगत होतं की दुसरं पाठव.

म्हातारी अजून स्ट्रेचरजवळच होती. पदराच्या सुक्या टोकाने त्या माणसाला वारा घालत होती. आमचं बोलणं तिने ऐकलं आणि उठून डॉक्टरांपुढे आली.

"साहेब, माया रगत पाहा ना."

डॉक्टर थबकले. पहाऱ्यावरचा पोलीस म्हणाला, "हा कोन हाय, काही मालूम तरी हाय का तुले, बुढे?"

"मले काऊन मालूम राहीन? तुमाले तरी कुठी मालूम हाय?" ती म्हणाली, आणि बोट पुढे केलं.

तपासणीवाल्याने बोट टोचलं. 'ओ'. गावभर फिरून जे मिळालं नव्हतं, ते व्हरांड्यातल्या पहिल्याच बोटात निघालं. डॉक्टरांचा चेहरा उजळला. "आधी यांना काहीतरी खाऊ घाला," ते बाटली काढता काढता म्हणाले. हॉटेलं दुपारची बंद. दसरूभाऊ बिचारे भाबडेपणाने म्हणाले, "सिस्टरच्या डब्यात चुरमा हाय ना, सोमवारचा."

आता नाही म्हणायला जागा नव्हती. मी ड्यूटीरूममधून डबा आणून तिच्या हातात दिला. तिने झाकण काढलं. पळसाच्या पानातले तीन वाटे तिने पाहिले आणि तिला सगळं उमगलं. डबा कपाळाला लावून तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, सोळा सोमवार व्हय? तुया उपास?"

"हो."

"कितवा?"

"पंधरावा."

"माया बी सोमवारच हाय आज. मार्कंड्याच्या महादेवाचा. कायी मागनं नाई माया, अशीच करतो." मग देवाचा वाटा कोणता ते तिने मला विचारलं. मी बोट दाखवलं. तिने तो उलगडला. "हा त्याचाच वाटा खातो मंग. देवळात जाऊन तरी कोन खाते? गाय खाते. रागवत नाई तो." एवढं बोलून तिने सकाळपासूनचा आपला उपास माझ्या डोळ्यांदेखत मोडला. चार घास होते. ती ते भराभर पण नीट खात होती, एक कण खाली पडू न देता. वर तांब्याभर पाणी प्याली आणि जाऊन खाटेवर आडवी झाली.

डॉक्टरांनी तिचा दंड बांधला आणि मग, सुई लावायच्या आत, सवयीने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. घाईत हे आधी राहून गेलं होतं. पापणी आतून कागदासारखी पांढरी होती. त्यांनी दुसरा डोळा पाहिला, जीभ पाहिली आणि दंडाची पट्टी सोडली.

"आजी, तुमच्यातच रक्त नाही. तुमचं काढलं तर तुम्हालाच चढवावं लागेल."

"थोडंसं घ्या ना. अर्धी शिशी."

"नाही हो जमत."

डॉक्टर खिडकीशी जाऊन उभे राहिले. पण म्हातारीने हात मागे घेतला नाही. खाटेवर तो तसाच पसरलेला होता, मूठ उघडी. त्या हातावर दोरीचे जुने काप होते आणि बोटांवर त्या माणसाचं वाळलेलं रक्त होतं. अंगात रक्त नसलेली बाई 'घ्या' म्हणत होती, आणि मी दोन वेळच्या पोटभर जेवणावर पोसलेली, पाच फूट चार इंचांची, तिच्या शेजारी उरलेल्या दोन वाट्यांचा डबा धरून उभी होते. मला कोणी काही म्हणालं नाही. आकाशवाणी झाली नाही. फक्त तो हात मला बघवेना.

"डॉक्टर," मी म्हटलं, "माझा ओ आहे."

ते वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हातारी मात्र उठून बसली. डब्यातला दुसरा वाटा तिने उलगडला, त्याचा घास केला आणि माझ्या तोंडाशी धरला. "खा बाई, पोट खाली नको ठेवू." आणि इथेही मी थांबले. एवढं सगळं होऊनसुद्धा, त्या हाताकडे पाहून मी क्षणभर थांबले. तिच्या हातावरच्या रक्तामुळे थांबले की तिच्या जातीमुळे, हे मी आजपर्यंत स्वतःला विचारत आले आहे आणि उत्तर टाळत आले आहे. तिने ते पाहिलं असावं. ती घास तसाच धरून राहिली, जशी मघाशी मांडी धरून राहिली होती. शेवटी मी तोंड उघडलं. तिसरा वाटा तिने पुन्हा पानात बांधला आणि त्या माणसाच्या उशाशी ठेवला. "उठला का खाईल," म्हणाली.

माझं रक्त त्याला चढलं. डॉक्टरांनी शीर शिवली, आणि चारच्या सुमारास त्याची नाडी हाताला लागली. ती मोजताना मी रडत होते आणि दसरूभाऊंना वाटलं, अशक्तपणा आला. मी कधी न केलेली पूजा त्या दिवशी झाली, आणि ती माझ्याकडून करवून घेतली गेली. दुसऱ्या दिवशी त्याला नागपूरला हलवलं. त्याच गडबडीत सुनेला सुट्टी झाली आणि सासू-सून निघून गेल्या. मी तिचं नाव विचारलं नव्हतं. रजिस्टर उघडून पाहिलं तर माझ्याच अक्षरात 'सासू'.

पुढे नागपूरहून चिठ्ठी आली. माणूस वाचला होता, पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. डॉक्टरांनी ती मला वाचून दाखवली आणि घडी करता करता म्हणाले, "नळी तासभर आधी सोडता आली असती तर पाय राहिला असता, सिस्टर." आवाजात राग नव्हता. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी त्या दिवशी पुठ्ठ्यावरच्या कोऱ्या जागेत 'ओ' लिहिला, ठळक, दुरून दिसेल असा. सोळावा सोमवार केला नाही. पुन्हा पहिल्यापासूनही धरले नाहीत. देवाकडे मागायला मला तोंड उरलं नव्हतं, आणि मागणं संपल्यावर नुसतं त्याच्यापुढे बसता येतं, हे मला पुढच्या रिकाम्या सोमवारांत हळूहळू कळलं. बदली दोन वर्षांनी झाली, सगळ्यांची होते तशी.

बदलीच्या आधी, एका हिवाळ्यात सकाळी, तो माणूस दवाखान्यात आला. पोलिसांनी त्याला सोडून दिलं होतं. तो दादालोकांतला होता की नुसता तेंदू तोडणारा, हे मला तेव्हा कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. काखेत लाकडी कुबडी, हातात पानाचा द्रोण, द्रोणात चारोळी. ज्या बाईचं रक्त आपल्या अंगात आहे तिला भेटायला म्हणून तो अठरा मैल आला होता, एका पायावर. त्याला मराठी येत नव्हती. दसरूभाऊ त्याचं माडियातलं बोलणं मला सांगत होते. "तो म्हणते, हे माही बहीण हाय. हिनं जीव देला."

ती चारोळी मला घेववेना. मी दसरूभाऊंना म्हटलं, याला सगळं सांगा. मला विचारलं होतं तेव्हा मी खोटं बोलले. मला उपास होता, तो मोडायचा नव्हता. तासभर मी गप्प राहिले आणि त्या तासात याचा पाय गेला. दसरूभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. त्यांनाही हे माहीत नव्हतं. "राहू द्या ना, सिस्टर," म्हणाले. मी म्हटलं, नाही, सांगा. मग त्यांनी खाली बघत, थांबत थांबत सांगितलं.

तो माणूस कुबडीवर रेलून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने आपल्या कापलेल्या पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो म्हणते, मंग तू त्या दिवशी सकाळपासून उपाशी होती? कमजोरी नाई आली तुले?"

त्याने द्रोण पुन्हा पुढे केला आणि हाताने खूण केली: खा. या वेळी मी थांबले नाही.